जावयाचा रस्ता

आम्हाला मुलगी नाही, पण जावई आहे. चौदा वर्षांपूर्वी शाळेच्या सायकलींच्या शेडमध्ये कुत्र्याचं एक पिल्लू सापडलं. त्याला दूध दिलं, तर पिऊन ते सरळ बायकोच्या चादरीवर जाऊन झोपलं आणि दुपारपर्यंत उठलं नाही. ती म्हणाली, "हा काही कामाला आलेला नाही. जावई आहे हा." तेच नाव पडलं. शिक्षक आधी हसायचे, नंतर तेही त्याच नावाने हाक मारायला लागले. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांना एका बाईंनी सांगितलं, "फाटकावर मामांचा जावई असतो, जरा जपून," आणि साहेब बराच वेळ माणूस शोधत राहिले.

मी या शाळेचा शिपाई आणि राखणदारही. नोकरीची वर्षं संपली, तरी मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, मला ठेवून घेतलंय. दरवर्षी एक कागद निघतो, त्यावर त्या सही करतात आणि इमारतीच्या मागची खोली आणखी एक वर्ष आमची होते. जावयाचा असा कागद नव्हता. त्याच्याबद्दल बाई एकदाच बोलल्या होत्या, एका पालकाने तक्रार केली तेव्हा. "राखण करतोय तोवर राहू दे. जमेनासं होईल त्या दिवशी त्याची दुसरीकडे सोय करायची, मामा. शाळा आहे ही." मी मान हलवली. तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि पोस्टमनला फाटकाच्या आत पाऊल टाकू देत नव्हता.

गेली दोन वर्षं त्याला दिसत नाही.

हे फक्त आम्हा दोघांना माहीत होतं. डोळ्यांवर पांढरं आलं होतं, पण तोंडावरचे केसही पांढरे झालेले, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. कान शाबूत होते. कडी वाजली की तो बरोबर फाटकाकडे तोंड करून भुंकायचा आणि लोकांना तेवढं पुरायचं. बाकीचं मी सांभाळत होतो. बादली तिसऱ्या नळाखाली म्हणजे तिसऱ्याच. कुंड्या जिथल्या तिथे. कुणा शिक्षकाने उन्हात बसायला खुर्ची बाहेर ओढली की तास संपायच्या आत मी ती परत नेऊन ठेवायचो. "मामांचं वय झालं, खुर्ची हलवली तरी बोलतात," असं स्टाफरूममध्ये चालायचं, ते माझ्या कानावर आलंय. बोलू दे. तो आपला खोलीतून निघायचा, खांदा भिंतीला घासत व्हरांडाभर जायचा, कोपऱ्यावर वळायचा, नळांमागच्या मातीत उरकायचा आणि तसाच परत यायचा. बघणाऱ्याला वाटावं, म्हातारा फेरी मारतोय. भिंतीवर गुडघ्याच्या उंचीला त्याच्या अंगाचा काळपट पट्टा उमटला होता, आमच्या दारापासून कोपऱ्यापर्यंत.

त्याला इथून हलवला तर काय होईल, याचा मी रोज विचार करायचो. शहराबाहेर प्राण्यांचा एक निवारा आहे. शाळेतलं एक मांजर पोचवायला मी तिथे गेलो होतो. माणसं चांगली आहेत, गाळे धुतलेले असतात. पण आंधळ्या म्हाताऱ्याला त्या गाळ्याची ओळख व्हायला जितके दिवस लागतील, तितके त्याच्यापाशी उरलेले नव्हते.

मग निवडणूक लागली.

सकाळी आठपासून कर्णे लावलेल्या गाड्या फिरायच्या. एक गाडी गेली की दुसरी. आमच्या फाटकासमोर रस्ता वळतो, तिथे प्रत्येक गाडी हळू व्हायची आणि जावयाला वाटायचं, ही आत येतेय. तो उठायचा, मागचे पाय थरथरायचे, आणि गाडी दिसेनाशी झाली तरी भुंकत राहायचा. त्याला काय, ती दिसतही नव्हती. तिसऱ्या दिवशी त्याचा आवाज बसला. पाचव्या दिवशी नुसतं तोंड उघडायचं, आवाज यायचा नाही. बायको त्याच्या कानांवर हात ठेवून बसायची. "याच्यापेक्षा ते उमेदवार बरे," ती म्हणायची. "त्यांचे घसे बसले की निदान लिंबूपाणी मिळतं." एक उमेदवार आत येऊन सगळ्यांना हात जोडून गेला. शिक्षकांना, मला, पाण्याच्या टाकीजवळ उभ्या असलेल्या प्लंबरला, आणि जावयालाही. जावयाने पायांच्या आवाजाच्या दिशेने मान फिरवली. उमेदवार म्हणाला, "वा, ओळखतो हा मला." बरोबरचे लोक हसले. मीही हसलो, दुसरं काय करणार.

शाळा मतदान केंद्र होणार होती, तसा दर वेळेसारखा कागद आला. मी अक्षरं उशिरा शिकलो, त्यामुळे कुठलाही कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो, एकही शब्द वाया जाऊ देत नाही. चाकाच्या खुर्चीसाठी उतार हवा, पिण्याचं पाणी हवं, वर्ग रिकामे हवेत, सगळी इमारत जंतुनाशकाने पुसलेली हवी. आणि खाली एक ओळ होती. मतदानाच्या दिवशी आवारात मोकाट जनावर असता कामा नये.

"मोकाट म्हणजे भटकतं ते," बायको म्हणाली. "आपला दारातून नळापर्यंत जातो. भटकायला त्याला दिसतंय कुठे?"

"हळू बोल."

"कोण ऐकतंय? सगळे कर्ण्याचं ऐकतायत."

मला काळजी जनावराच्या ओळीची नव्हती. बाकांची होती. दर निवडणुकीला वर्ग रिकामे करताना बाकं व्हरांड्यात येतात आणि रांगेसाठी दोऱ्या बांधतात. तो कुठेतरी धडकणार, चार लोक बघणार, आणि बाईंना कळणार. म्हणून मी यंदा बाकं व्हरांड्यात काढलीच नाहीत. मतदानाच्या माणसांना लागतील तेवढी ठेवून बाकीची एकट्याने मागच्या प्रयोगशाळेत नेली, एकावर एक उलटी रचली. दोन दिवस गेले त्यात. गुडघे असे सुजले की जिन्याच्या प्रत्येक पायरीवर थांबावं लागायचं. बायकोने गरम पाण्याची पिशवी दिली आणि बोलली काही नाही. ती बोलली नाही की समजायचं, तिला फार बोलायचं आहे.

आदल्या दिवशी दुपारी मतदानाची माणसं आली. चौघेजण, पेट्या, पिशव्या, पुठ्ठे. त्यांचे प्रमुख, केंद्राध्यक्ष, बँकेतले होते. पन्नाशीचे, डोळ्यांखाली काळं. आल्याआल्या त्यांनी चपला काढून बाकावर पाय वर घेतले. "ही माझी सातवी निवडणूक," ते म्हणाले. "दर वेळी म्हणतो, शेवटची."

मी त्यांना पाणी दिलं, पंखा कुठला चालतो ते सांगितलं, आणि मग मुद्द्यावर आलो. "साहेब, एक विनंती होती. रांगेची दोरी भिंतीपासून दोन हात सोडून बांधली तर बरं."

"का?"

"आमचा कुत्रा म्हातारा आहे. सकाळी दहाच्या सुमारास त्याला बाहेर जावं लागतं. भिंतीच्या कडेने जातो आणि येतो. दिवसभर कोंडला तर खोलीतच करेल."

त्यांनी व्हरांड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "चावतो?"

"दात चारच राहिलेत."

"मामा, मी कुत्र्यासाठी रांग वळवतोय. हे बाहेर सांगू नका." त्यांनी बंदोबस्ताला आलेल्या हवालदाराला दोरी सरकवायला सांगितली. माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं. जाता जाता ते म्हणाले, "तेवढी फरशी मात्र स्वच्छ करून घ्या. सकाळी निरीक्षक येऊ शकतात."

एरवी आम्ही व्हरांडा साध्या पाण्याने पुसतो. फिनेल फक्त संडासात. पण कागदात जंतुनाशक लिहिलं होतं आणि साहेबांनी माझं ऐकलं होतं, तेव्हा मीही कमी पडायचं नाही असं ठरवलं. दोन बादल्यांत फिनेल घातलं, हात जरा सैल सोडूनच. व्हरांडा एकदा पुसला, वाळू दिला, परत पुसला. भिंतीवरचा तो काळपट पट्टा नजरेला खुपत होता. चार परकी माणसं येणार, म्हणून साबण आणि काथ्याने घासून तोही काढला. संध्याकाळी व्हरांडा इतका लखलखीत झाला की हवालदार चपला हातात घेऊन चालत गेला. बायको दारातून म्हणाली, "दवाखान्यासारखा वास येतोय." मला ते कौतुक वाटलं.

पहाटे पाचला मी जावयाला पट्टा धरून बाहेर नेलं. तो दोनदा शिंकला. वाटलं, गारवा असेल.

सातला मतदान सुरू झालं. मी फाटकापाशी, म्हाताऱ्या माणसांना खुर्ची देणं, उतारावरून हात धरून चढवणं, हे माझं काम. ठरल्याप्रमाणे दहा वाजता बायकोने दार उघडलं आणि तो निघाला. ती मागे राहिली, कारण रोज तो एकटाच जातो. थोड्या वेळाने हवालदार माझ्याकडे आला. चेहरा सरळ ठेवायला त्याला जड जात होतं.

"मामा, तुमचा जावई मतदानाला आलाय."

मी गेलो. पळता येत नाही, तरी पळाल्यासारखा गेलो. रांगेतली माणसं वर्गाच्या दारातून माना आत घालून बघत होती. आत जावई उभा होता. टेबलावर मतदानाच्या यंत्राभोवती पुठ्ठ्याचा आडोसा करतात, त्या आडोशाला कपाळ टेकवून तो उभा होता, एखादा माणूस कुणाला मत द्यावं याचा विचार करत उभा राहील तसा. एक तरुण मुलगी मत द्यायला आलेली, ती दोन पावलं मागे हात छातीशी धरून उभी होती. पक्षांचे दोन एजंट भिंतीकडच्या बाकावर होते.

"तुमच्याकडचा दिसतोय," एक म्हणाला.

"छे, तुमचाच. समोरचं दिसत नाही तरी आत शिरतो."

"आमचे निदान रांगेतून येतात."

मी जवळ गेलो तर त्याचे पाय ओले दिसले. टेबलाखाली लांबलचक ओघळ गेला होता. तो कधी असं करत नाही. चौदा वर्षांत खोलीत एकदाही केलं नव्हतं. सकाळपासून दाबून धरलेलं, वाट सापडेना, शेवटी उभ्या जागी सुटलं. माझा हात मानेवर पडला तसा तो थरथरला आणि माझ्या मनगटाचा वास घेत राहिला, सोडेचना.

"मामा," केंद्राध्यक्ष दबक्या आवाजात म्हणाले, "भिंतीच्या कडेने जातो म्हणालात ना? मी दोन हात जागा सोडली होती."

"सोडली होती, साहेब."

"मग इकडे कसा आला? जागा दिसत नव्हती का त्याला?"

मला उत्तर तयार ठेवायची सवय होती. दोन वर्षं तेच केलं होतं. गर्दीला बिथरला, म्हातारा झाला, काहीही चाललं असतं. तेवढ्यात रांगेत तिसऱ्या नंबरवर मला मोठ्या बाई दिसल्या. हातात चिठ्ठी आणि ओळखपत्र धरून त्या जावयाकडे बघत होत्या. तो आता आवाजाच्या दिशेने मान वळवत होता आणि दर वेळी चुकत होता, कारण खोलीत एकाच वेळी सगळे बोलत होते. मी पाहिलं की त्यांना कळलंय. त्यानंतर खोटं बोलायला जीवच उरला नाही.

"नाही दिसत," मी म्हणालो. "आंधळा आहे."

एजंट बाकावरून उठून उभे राहिले. मी डोक्याचं फडकं सोडून फरशी पुसली. मग त्याच्या पोटाखाली हात घालून त्याला उचलला. बावीस किलोचा आहे. उठताना गुडघ्यात असं काही झालं की हवालदाराने माझा दंड धरला.

मागे केंद्राध्यक्षांनी डायरी उघडली. मतदान थांबलं तर कारण लिहावं लागतं. लिहून त्यांनी एजंटांना वाचून दाखवलं. "फरशी पुसण्यासाठी मतदान सहा मिनिटं थांबवलं. खरंच आहे ना? करा सह्या."

खोलीत आणून ठेवला तर तो बिछान्याकडेही सरळ गेला नाही. नाकपुड्या सारख्या हलत होत्या. बायको त्याच्याकडे बघत राहिली, मग दारात जाऊन तिने व्हरांड्याचा वास घेतला.

"तुम्हाला काय वाटत होतं, तो बादल्या मोजत जातो?" ती म्हणाली. "नाकाने जातो तो. दोन वर्षं आपल्याच वासावर चाललाय. जावयाचा रस्ता पुसलात तुम्ही. दोनदा पुसलात."

मी खाली बसलो. बाकं, बादल्या, कुंड्या, दोन हात जागा. एवढं सगळं केलं आणि माझ्याच हाताने काथ्या घेऊन भिंतीवरून त्याला पुसून काढला.

अर्ध्या तासाने मोठ्या बाई आल्या. बोटावर शाई होती. बायकोने खाटेवरची चादर सारखी केली, चहा ठेवला. बाई बसल्या आणि जावई त्यांच्या पायाशी येऊन चपलांचा वास घ्यायला लागला.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"दोन वर्षं."

"म्हणजे मी मीटिंगमध्ये शिक्षकांना सांगायचे की जावयाकडून शिका, वेळेवर फेरी मारतो, तेव्हाही?"

"तेव्हाही."

"मला सांगायचं होतंत."

"सांगितलं असतं तर तुम्हाला काहीतरी करावं लागलं असतं."

चहाचा कप नुसता हातात धरून होत्या. "ते आता करावंच लागेल, मामा. अर्ध्या लोकांनी बघितलंय. सहाशे मुलं आहेत. मधल्या सुट्टीत कुणी त्याच्यावर पाय दिला आणि तो दचकून चावला, तर मी त्या आईला काय सांगू?"

यात चुकीचं काही नव्हतं. मी त्यांच्या जागी असतो तर हेच बोललो असतो. बायको मात्र लगेच बोलली.

"बाई, त्याला त्या निवाऱ्यात सोडला तर आठवड्यात मरेल. मग सरळ तसं म्हणा, आम्ही तयारी करतो."

"मी असं कुठे म्हटलं?"

"मग काय करायचं ते सांगा."

बाईंनी कप खाली ठेवला. "शाळेच्या वेळात त्याचं पाऊल व्हरांड्यात पडता कामा नये. एकदासुद्धा. शाळा सुटली की मग काय ते."

"आणि दहा वाजता? दुपारी?" बायको म्हणाली. "त्याने जायचं कुठे?"

"ते तुम्ही बघा."

"उचलून नेला तर?" मी विचारलं.

त्या माझ्या गुडघ्यांकडे बघायला लागल्या. मी पाय खाटेखाली घ्यायला बघितलं, पण ते पटकन वाकत नाहीत. "उचलून नेलात तर पाऊल पडत नाही," त्या म्हणाल्या. "पण तुम्हाला झेपेल का?"

"झेपेल."

बायकोने माझ्याकडे बघितलं नाही. मुद्दाम बघितलं नाही.

"ज्या दिवशी झेपणार नाही, त्या दिवशी मला येऊन सांगायचं," बाई उठता उठता म्हणाल्या. "आणि या वेळी दोन वर्षं थांबायचं नाही."

आम्ही दोघांनी तोच करार पुन्हा केला, हे त्यांनाही कळलं असावं. फक्त आता तो कुत्र्याच्या राखणीवर नव्हता, माझ्या गुडघ्यांवर होता.

संध्याकाळी मतदान संपलं. पेट्या सील झाल्या, गाडी आली. जाताना केंद्राध्यक्ष खोलीच्या दारात थांबले. "कसा आहे?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, झोपलाय. "नशीबवान आहे," ते म्हणाले आणि गाडीकडे गेले. दुसऱ्या दिवशी मी प्रयोगशाळेतली बाकं परत वर्गांत लावली. या खेपेला दोन शिक्षक मदतीला आले.

तेव्हापासून रोज दहाला आणि दोनला मी त्याला उचलतो. एक हात छातीखाली, एक मागच्या पायांमागे. मुलं बाजूला होतात. सुरुवातीला हसायची, आता रस्ता देतात आणि आपल्या खेळाला लागतात. पहिले दोन दिवस तो हातात ताठ व्हायचा. नंतर अंग सैल सोडायला लागला, आणि सैल सोडलेलं जनावर जास्त जड लागतं. मधे पायऱ्या नाहीत, हे एक बरं आहे. नळांपाशी त्याला मातीत टेकवायचा, तोंड दुसरीकडे करून थांबायचं, परत उचलायचा. परत येताना स्टाफरूमच्या दाराशी मी एकदा थांबतो. चपलेत खडा गेल्यासारखं करतो.

शाळा सुटल्यावर मात्र तो मोकळा. फिनेलचा वास जायला आठनऊ दिवस लागले. त्या काळात त्याला संध्याकाळीही मीच नेत होतो, नाहीतर परत कुठेतरी शिरला असता. मग एका संध्याकाळी बायकोने फरशीला नाक लावून बघितलं. "गेला वास," ती म्हणाली. "आता जाईल आपला आपण."

व्हरांडा रिकामा होता. मी त्याला दारात उभा केला, खांदा भिंतीला टेकवून दिला आणि बाजूला झालो. त्याने फरशी हुंगली. भिंत हुंगली. दोन पावलं गेला. मग थांबला आणि माझ्या बाजूला मान वळवून उभा राहिला.

"चल," मी म्हटलं.

कान हलले, पाय नाही.

"वाट सापडत नाहीये त्याला," मी म्हणालो.

"वाट सापडलीय," बायको आतून म्हणाली. "तो तुमची वाट बघतोय. उचलतात हे कळलंय त्याला."

मी तसाच उभा राहिलो. म्हटलं, बघू कोण आधी कंटाळतो. तोही उभा राहिला. त्याचे मागचे पाय थरथरायला लागले, तसे माझेही. मैदानात उन्हं खाली गेली. रस्त्यावरून एक गाडी गेली, आता कर्णा नसलेली, आणि त्याने तिकडे लक्षही दिलं नाही. मी गुडघ्यावर एक हात टेकवला आणि वाकलो.